दोघांनाही सापडलेलं

रूरमोंड, १४ ऑक्टोबर २०१८

प्रिय विब्रेन,

तुम्हाला कॅन्टीनमधलं ते संत्रं आठवतं का? एखादं नव्हे, रोजचं. त्र्याण्णवचा हिवाळा. तुम्ही दाराजवळच्या टेबलावर, मी खिडकीजवळच्या, आणि मध्ये इंजिनीअर मंडळींचा सगळा गोंगाट. वाटाण्याचं सूप संपलं की तुम्ही कोटाच्या खिशातून संत्रं काढायचात आणि साल एका अखंड पट्टीत सोलायचात. मी रोज मनात म्हणायची, आज तुटणार. कधी तुटली नाही. अख्ख्या हिवाळ्यात आपण एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही, आणि तरी मला तुमच्या बोटांची इतकी माहिती होती!

बाकीचे हसायचे आपल्याला. ‘दोन वाचकांचं भांडण झालंय’ म्हणायचे. प्रोग्राम वाचून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, हा नियम मला जड गेला नाही. मठाच्या शाळेत आम्हाला जेवताना बोलायची बंदीच होती. सिस्टर बर्नार्डा म्हणायची, गप्प बसलं की समोरच्या ताटातलं मीठसुद्धा दिसतं.

मोजणी कार्यालयातल्या रूलीनबाईंचा फोन तुम्हालाही आला असेल. समुद्राच्या दरवाज्यांचा प्रोग्राम नव्यानं वाढवला आहे. वादळात पाणी चढलं की कुणालाही न विचारता दरवाजे लावायचे, हे त्याचं काम. तो चालू करण्याआधी आत किती चुका उरल्यात याचा आकडा हवा. गाभा अजून आपल्या वेळच्या भाषेत आहे. ती वाचू शकणारे किती आहेत, असं मी विचारलं. ‘दोघं,’ बाई म्हणाल्या, ‘आणि दोघंही पेन्शनीत.’

माझी मुलगी मार्लू म्हणते, ‘आई, न सापडलेल्या चुका तू मोजणार तरी कशा? सापडल्याच नाहीत ना त्या!’ मग मी तिला तुमच्या तळ्यातले मासे सांगितले. एकदा जाळं टाकायचं, मिळाले त्यांना खूण करून सोडायचं. पुन्हा टाकायचं. दुसऱ्या जाळ्यात बहुतेक खुणेचेच आले, तर तळं आपल्याला जवळजवळ कळलं. खुणेचे थोडेच आले, तर खाली न पाहिलेलं पुष्कळ आहे. आपण दोघं म्हणजे दोन जाळी. माझ्या चुकांची यादी, तुमच्या चुकांची यादी, आणि दोघांनाही सापडलेल्या किती. ‘आणि बोललात तर?’ तिनं विचारलं. बोललो तर एकमेकांचेच मासे पकडू, आणि तळं रिकामं झालं असं वाटेल.

म्हणून पुन्हा तोच नियम. आकड्यावर सही होईपर्यंत भेट नाही, फोन नाही. पत्रं चालतील, पण रूलीनबाईंच्या हातून. कामाचं काही आलं तर त्या काळ्या शाईनं खोडणार. (बाई, अक्षर बारीक आहे, माफ करा.)

माझ्या नवऱ्याला, श्येफला, जाऊन चार वर्षं झाली. तो तुम्हाला ‘तुझा तो मुका फ्रिशियन’ म्हणायचा. घरात आता इतकी शांतता आहे की मलाच कॅन्टीनमध्ये बसल्यासारखं वाटतं. सही झाली की मी आगगाडीनं तुमच्याकडे येईन म्हणते. आमच्याकडची चेरी भरलेली गोड व्लाय भाजून आणीन. इतक्या वर्षांत फ्रीसलँड पाहिलेलं नाही मी, लाज वाटते.

तुमची,
गोदेलीव्ह


हिंदलोपेन, २ नोव्हेंबर

प्रिय गोदेलीव्ह,

पत्र मिळालं. टाइप करून पाठवतो, हात थरथरतो.

नमस्कार, रूलीनबाई. अक्षर मोठं केलं आहे.

श्येफ गेल्याचं कळलं नव्हतं. एकदा तुम्हाला न्यायला तो गेटपाशी आला होता. गाडीत चार किलो सॉसेज होतं आणि पहारेकऱ्यालाही त्यानं त्यातलं दिलं. असा माणूस घरात असताना शांतता कशी असणार! आता ती वाटत असेल.

माझं बरं चाललं आहे. होडी आजूबाजूला कुणाला तरी देईन म्हणतो. तळ्यावर जात नाही. खिडकीत बसलो की वारा कुठून आहे ते कळतं, तेवढं पुरतं.

कामाबद्दल एवढंच, की

[इथे अडीच ओळी काळ्या केल्या. विब्रेन, तुम्हाला नियम माहीत आहे. — रू.]

व्लाय आणायची तर जर्दाळूची. चेरीच्या बिया माझ्या दातांना लागतात.

विब्रेन


रूरमोंड, २५ नोव्हेंबर

प्रिय विब्रेन,

तुमचं पत्र बँकेतून आल्यासारखं वाटलं! कोपऱ्यात पत्ता, मधोमध मजकूर, खाली नाव. मला तुमचं अक्षर हवं होतं. वाकडंतिकडं चाललं असतं. समासातल्या तुमच्या लाल पेन्सिलीच्या खुणा मी कूपमान साहेबांच्या टेबलावर उलट्या बाजूनं पाहिल्यात. वाचता आल्या नाहीत, पण कुणाच्या ते कळायचं. इतक्या वर्षांनी तुम्हाला माझ्याशी औपचारिक व्हायचं असेल तर व्हा. मी होणार नाही.

चेरीच्या बिया मी काढते. व्लायमध्ये बिया ठेवणारी आमच्या लिम्बुर्गची बाई कुठे पाहिलीत तुम्ही? दुकानातली खाल्ली असेल.

एक खेळ सुचला आहे. कामाचं बोलायचं नाही ना, मग त्या हिवाळ्याचं बोलू, पण वाचकांच्या पद्धतीनं. त्या हिवाळ्यातलं जे जे आठवतं ते मी लिहून रूलीनबाईंना बंद पाकिटात दिलं आहे. तुम्हीही द्या. त्या दोन्ही जुळवून सांगतील, दोघांनाही सापडलेलं किती. मग कळेल, आपण दोघांनीही न पाहिलेलं अजून किती आहे तिथे. संत्रं धरायचं नाही. ते मी आधीच बोलून बसले, नोंद बाद.

बाई, करणार ना एवढं? सरकारी वेळेत नको. चहाच्या वेळेत करा.

गोदेलीव्ह

[चहाच्या वेळेत करते. — रू.]


हिंदलोपेन, २० डिसेंबर

प्रिय गोदेलीव्ह,

पाकीट दिलं आहे.

मी औपचारिक झालेलो नाही. तेवढं वाईट वाटलं.

संत्र्याची नोंद बाद झाली म्हणून त्याबद्दल बोलायला हरकत नसावी. मला संत्रं आवडत नाही. कधीच आवडलं नाही. आंबट लागतं, बोटं चिकट होतात. पण सूप पाच मिनिटांत संपायचं, आणि जेवण झालं की उठावं लागायचं. संत्रं सावकाश सोललं तर सुट्टी संपेपर्यंत बसता यायचं. दाराजवळच्या टेबलावरून खिडकी समोर दिसते.

फोडी मी बाहेर येऊन पहारेकऱ्याला द्यायचो. त्याला वाटायचं, मी फार उदार आहे. सॉसेजवाला आला त्या दिवशी तो म्हणाला, ‘तुम्ही वाचकांकडची माणसं भारी दिलदार!’

नाताळच्या शुभेच्छा. इथे तळ्याच्या कडेला पातळ बर्फ आलं आहे. सकाळी त्याचा आवाज येतो, काच चघळल्यासारखा.

विब्रेन


कार्यालयातून, १८ जानेवारी २०१९

गोदेलीव्हबाईंना व विब्रेन यांना, दोघांनाही सारखीच प्रत

पहिलं वाचन संपलं. दोन्ही याद्या मी शेजारी ठेवल्या. मोजणीचं काम करायला लागून वीस वर्षं झाली, असं काही पाहिलेलं नाही.

त्र्याण्णव साली तुमच्या याद्या जवळजवळ सारख्या होत्या. त्यावरून काढलेला आकडा होता, उरलेल्या फार तर एक-दोन. या वेळी गोदेलीव्हबाईंना एकतीस सापडल्या, विब्रेन यांना सव्वीस, आणि दोघांनाही सापडलेल्या फक्त सहा. हिशेबानं अजून ऐंशीच्या वर चुका आत आहेत.

विब्रेन यांनी मला एक गोष्ट सांगू नका म्हणून बजावलं होतं. पण आता तिचा आकड्याशी संबंध आला आहे. तीन वर्षांपासून त्यांची नजर गेली आहे. प्रोग्राम त्यांनी वाचलेला नाही, ऐकलेला आहे. यंत्र एकेक ओळ बोलून दाखवतं. गोदेलीव्हबाईंची पत्रं मी त्यांना फोनवर वाचून दाखवते. दुसरी गोष्ट त्यांच्या पोटातल्या गाठीची. डॉक्टर वसंताच्या पुढचं काही बोलत नाहीत.

वरिष्ठांचं म्हणणं असं: ऐकून केलेलं वाचन ग्राह्य धरू नये. विब्रेन यांची यादी बाजूला ठेवावी, गोदेलीव्हबाईंच्या चुका दुरुस्त कराव्यात आणि जुन्या वेळच्या प्रमाणावरून आकडा काढावा. तो छोटा येईल. आठवड्याभरात सही होईल आणि तुम्हा दोघांवरची बंदी उठेल. नाहीतर सापडलेलं दुरुस्त करून दुसरं वाचन करायचं, तुम्हीच दोघांनी. ते एप्रिलपर्यंत जाईल आणि तोवर नियम कायम.

तुमचं मत पंचवीस तारखेपर्यंत, वेगवेगळं, लेखी हवं.

तुमच्या खेळाचाही निकाल सांगते. दोन्ही पाकिटं उघडली. गोदेलीव्हबाईंनी लिहिलंय: खुंटीवर विसरलेला निळा मफलर, जिन्यात गुणगुणलेलं स्तोत्र, बूट झटकायची पद्धत, हीटर बिघडला त्या दिवशी कोट घालून बसलेली पाठ. विब्रेन यांनी लिहिलंय: दाराशी उघडी वाळत ठेवलेली हिरवी छत्री, सुपापूर्वी घाईघाईनं केलेली क्रुसाची खूण, पान उलटताना एकटीनं हसणं, पेन्सिल केसांत खोचून मग शोधणं. एकही नोंद जुळत नाही. एकीनं सगळं त्याच्याबद्दल लिहिलंय, दुसऱ्यानं सगळं तिच्याबद्दल. शून्य जुळलं तर भागाकार होत नाही. उरलेलं किती, हे गणित सांगू शकत नाही.

रूलीन


रूरमोंड, २४ जानेवारी

प्रिय विब्रेन,

बँकेतून आल्यासारखं म्हणाले मी. कसं बोलून गेले! तुम्हाला अक्षर दिसत नव्हतं, आणि मी रुसले होते. एवढी वाचक म्हणवते आणि एका पत्रातलं सरळ दिसणारं वाचता आलं नाही मला.

रूलीनबाईंचा कागद आला त्याच दुपारी मी स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. रूरमोंड ते हिंदलोपेन. बाईंना होकार कळवायचा, सही होऊ द्यायची, आणि पुढच्या शनिवारी तुमच्या दाराशी उभं राहायचं. व्लायसाठी जर्दाळूसुद्धा भिजत घातले होते. मार्लू म्हणाली, ‘जा ना आई! त्या दरवाज्यांचं बघतील ते लोक. पगार कशाला घेतात?’

दोन दिवस मी जाणारच होते. मग जुनं आठवलं. एक-दोन उरल्यात, असं आपण सांगितलं होतं. पुढच्या काही वर्षांत एकोणीस वर आल्या. त्यातल्या एकीनं दरवाजा अर्ध्यात अडकवला आणि माणसांनी तो वाऱ्यात उभं राहून हातानं लावला. कुणाला इजा झाली नाही. पण दरवाज्यांच्या मागे सखल जमिनीवर किती गावं झोपलेली होती!

आपण काही चोरून बोललो नव्हतो. मग याद्या इतक्या सारख्या कशा आल्या, याचं कोडं मला तेव्हापासून होतं. आता कळतं. कूपमान साहेबांनी आपल्याला एकाच खोलीत, एकाच फळ्यावर वाचायला शिकवलं. आधी टोकं तपासा, मग वळणं. आपण दोघं एकाच डोळ्यांनी वाचत होतो, विब्रेन. दोन जाळी नव्हतीच ती. एकच जाळं दोनदा टाकलं. या वेळी तुमचं जाळं वेगळं आहे. तुम्ही ऐकता. ऐंशी हा आकडा खरा आहे आणि तुमच्यामुळे खरा आहे. तुमची यादी बाजूला काढली तर मी तुम्हाला भेटेन, पण कोणत्या तोंडानं?

मी दुसऱ्या वाचनाला हो म्हणते आहे. मला माहीत आहे मी काय लांबणीवर टाकते आहे. वसंत म्हणजे काय तेही मला कळतं. माझ्यावर रागवा हवं तर. तिकीट परत केलेलं नाही, तारीख बदलून मिळते म्हणे.

तुमची,
गोदेलीव्ह


हिंदलोपेन, २४ जानेवारी

प्रिय गोदेलीव्ह,

तुमचं मत काय असेल माहीत नाही, विचारायची परवानगी नाही. म्हणून माझं सांगतो.

सही होऊ देऊ नका. माझी यादी काढू देऊ नका.

एका आठवड्यात तुमची पावलं जिन्यात ऐकू आली असती. त्याचा विचार मी केला नाही असं समजू नका. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. पण ऐंशी म्हणजे ऐंशी. सदतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, की आकडा आवडला नाही म्हणून बदलता येत नाही.

मी एप्रिलपर्यंत ऐकू शकेन. यंत्राचा आवाज कंटाळवाणा आहे. तुमच्या आवाजात ऐकलं असतं तर सगळ्या चुका सुटल्या असत्या.

विब्रेन

[दोन्ही पाकिटं एकाच टपालात आली. तुमच्या खेळात ही पहिली जुळलेली नोंद धरते. वरिष्ठांनी मान्य केलं. दुसरं वाचन सोमवारपासून. — रू.]


रूरमोंड, ६ मार्च

प्रिय विब्रेन,

आज राखेचा बुधवार. कपाळावर राख लावून आले आणि कामाला बसले. तीन दिवस गल्लीत कार्निव्हलचे ढोल होते. शेजारचा थेई अस्वल होऊन आला आणि माझ्या सोफ्यावर झोपी गेला, अंगावरच्या केसांसकट.

एक सांगते. काल मी पान हातात घेऊन एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले होते. तुम्ही कसं ऐकत असाल ते बघावं म्हणून. छान वाटलं. खोलीत दोघं असल्यासारखं. मग थांबले. तसं वाचत राहिले तर मला तुमच्याच चुका सापडतील, आणि माझ्या राहून जातील. तुमच्या जवळ यायचं नाही, हीच मी या घडीला तुमच्यासाठी करू शकते ती गोष्ट, विब्रेन. असलं विचित्र काम आपणच पत्करलं.

तिकिटाची तारीख एप्रिलच्या मधली घेतली आहे.

गोदेलीव्ह

[यातला मधला परिच्छेद नियमानं काळा करायला हवा होता. शाई संपली होती. — रू.]


कार्यालयातून, ११ एप्रिल

प्रिय गोदेलीव्हबाई,

आज सकाळी आकड्यावर सही झाली. दुसऱ्या वाचनानंतर उरलेल्या चुका बोटांवर मोजण्याइतक्या धरल्या आहेत, आणि या वेळी माझा त्यावर विश्वास आहे. शरद ऋतूत दरवाजे नव्या प्रोग्रामवर जातील.

विब्रेन पाच तारखेला दुपारी गेले. शेवटची यादी त्यांनी दोन तारखेला दिली होती. मी स्वतः आणायला गेले होते. त्यांना विचारलं, गोदेलीव्हबाईंना बोलावू का, आता उरलेलं काम दोन दिवसांचं आहे, कुणी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, ‘बाईंची यादी झाली का पुरी?’ मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, ‘मग वाचू द्या त्यांना.’ तुमची यादी सहा तारखेला आली. त्याआधी तुम्हाला कळवायची मला मुभा नव्हती, आणि नंतर सही होईपर्यंतही नव्हती. या नियमाचा मला पहिल्यांदाच राग आला.

त्यांना शेवटी सापडलेली चूक तुम्हाला सांगायला आता हरकत नाही. डावा दरवाजा हलण्याआधी उजवा हलला का ते बघतो. उजवा हलण्याआधी डावा हलला का ते बघतो. वादळात दोघंही एकमेकांची वाट पाहत उघडे राहिले असते. दोन ओळी प्रोग्राममध्ये एकमेकींपासून फार लांब आहेत, म्हणून कुणाच्या नजरेला आल्या नाहीत. विब्रेन म्हणाले, ‘यंत्रानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त नावं उलटी. ऐकताना लगेच कळतं.’

सोबतचं पत्र त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. सही झाल्यावरच पाठवायचं, अशी अट होती. मी वाचलेलं नाही. काळी शाई फेकून दिली.

तुमची,
रूलीन


हिंदलोपेन, २९ मार्च

प्रिय गोदेलीव्ह,

हे पत्र हाती आलं म्हणजे सही झाली. आता ‘तू’ म्हणायला हरकत नसावी.

ये. तारीख बदलून घे, आधीची मिळाली तर बघ. स्टेशनवरून धक्क्याकडे चालत आलीस की हिरव्या दाराचं घर. दार ढकल, कुलूप नसतं. जिना चढताना आवाज कर, मला ऐकायचं आहे.

मी असलो किंवा नसलो, तरी पुढचं वाटप तूच कर. पुतण्याला सांगितलं आहे, एक बाई येतील आणि त्या सांगतील ते.

होडी शेजारच्या सीत्सेला. तो नको म्हणेल, त्याच्याच धक्क्याला बांधून ये.

स्केट्स पुतण्याच्या मुलीला. तिला अजून मोठे होतात. होऊ देत.

वायुभारमापक रूलीनबाईंना. त्याचा काटा कधीच खरं सांगत नाही, त्या दुरुस्त करतील.

लाल पेन्सिली तुला. खुणा तुला वाचता आल्या नाहीत ना? बहुतेक ठिकाणी फक्त ‘इथे पुन्हा बघ’ एवढंच असायचं.

तू दिलेला तो खेळ सीत्सेला सांगितला. काही जुळलं नाही तर उरलेलं मोजता येत नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तळ्याला तळच नाही की काय. मी म्हटलं, तसंच काहीसं.

खिडकीत टोपली आहे. त्यात एक संत्रं असतं, सीत्से दर आठवड्याला ताजं आणतो. मी असलो तर मी सोलीन, अजून तुटू देत नाही. नसलो तर तू सोल, सावकाश, सुट्टी संपेपर्यंत.

फोडी सगळ्या तुला. साल माझ्याकडे राहू दे.

विब्रेन